संगणक आपल्याला ओळखीनासा होतो तेव्हा

संध्याकाळी घरातील संगणक सुरू करावा, नेहमीचा पासवर्ड घालावा, तो बिनतक्रार स्वीकारलाही जावा, आणि समोर मात्र परक्याचे घर दिसावे, असा प्रसंग विंडोज प्रणाली वापरणाऱ्या कित्येकांवर येतो. पडद्यावर आपण लावलेले चित्र नसते, डेस्कटॉपवर मांडून ठेवलेल्या फाइली नसतात, ‘डॉक्युमेंट्स’ उघडावे तर तेही रिकामे. मराठी लिहिण्यासाठी जुळवून घेतलेला कळफलकसुद्धा नाहीसा झालेला असतो. जणू कालच कोणी दुकानातून नवा संगणक आणून ठेवला आहे! आपण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये शिरला आहात, अशी सूचना विंडोज देते खरी. पण ती इंग्रजीत असते आणि बहुधा न वाचताच बंद केली जाते.

अशा वेळी घरात जो कल्लोळ उडतो तो समजण्यासारखा आहे. दहावीतील मुलीचा प्रकल्प, वडिलांचे हिशेब, लग्नकार्यातील छायाचित्रे, सारे त्या एका यंत्रात असते. ‘सगळे गेले’ असे कोणी तरी म्हणतो आणि बाकीच्यांना ते पटते. या समजुतीपोटी पुढच्या तासाभरात जे केले जाते, त्यानेच पुष्कळदा खरोखरीचे नुकसान होते. आमच्या परिचयाच्या एका घरी आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या नातीने टंकून ठेवल्या होत्या. खाते उघडेना म्हणून संगणक दुरुस्तीस गेला. दुसऱ्या दिवशी तो फॉरमॅट होऊन, सर्व काही नव्याने बसवलेला असा परत आला. ओव्या मात्र आल्या नाहीत. आजी त्यापूर्वीच वारली होती.

वस्तुतः या दुखण्यात फाइली बहुधा जागच्या जागी असतात. हरवलेली असते ती संगणकाच्या दप्तरातील एक नोंद. ती नोंद कोणती, ती कशी बिघडते आणि ती कशी सुधारावी, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका संगणकावर अनेक माणसे पाळीपाळीने काम करणार आणि प्रत्येकाचे सामान दुसऱ्यापासून वेगळे राहिले पाहिजे, ही कल्पना विंडोजच्या ‘एनटी’ या शाखेच्या मुळाशी आहे. ही शाखा १९९३ साली कार्यालयांसाठी बाहेर पडली आणि २००१ साली ‘एक्सपी’च्या रूपाने घराघरांत आली, आजची ‘विंडोज ११’ तिचीच वंशज होय. या व्यवस्थेत प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र दालन मिळते. त्यालाच ‘युझर प्रोफाइल’ म्हणतात. एक्सपीच्या काळी ही दालने ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ अशा लांबलचक नावाच्या फोल्डरात असत. २००७ साली ‘व्हिस्टा’ घरगुती वापरासाठी विकावयास आली, तेव्हापासून ती ‘सी’ ड्राइव्हवरील ‘युझर्स’ या फोल्डरात असतात.

दालनात शिरले की समोरच्या खोल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. पण मागच्या बाजूस आणखी दोन गोष्टी असतात आणि त्या विंडोज सामान्यतः दिसू देत नाही. एक म्हणजे ‘अ‍ॅपडेटा’ नावाची कोठी. ब्राउझरमध्ये जपलेल्या खुणा आणि निरनिराळ्या कार्यक्रमांची स्वतःची जमवाजमव तेथे साठते. दुसरी म्हणजे ‘एनटीयूझर.डॅट’ नावाची एक फाइल. आकाराने ती बेताची, परंतु दालनाचा प्राण तिच्यात आहे. पडद्यावर चित्र कोणते, कळफलक कोणता, ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर प्रत्यक्षात कोठे आहे, अशा सर्व आवडीनिवडींची ती टिपणवही होय. आपण खात्यात शिरलो की विंडोज ही वही उघडून आपल्या मोठ्या दप्तराला, म्हणजे ‘रजिस्ट्री’ला जोडते, काम आटोपून आपण ‘साइन आउट’ केले की ती मिटून पुन्हा जागेवर ठेवते. वही उघडता आली नाही, तर दालन डोळ्यांसमोर असूनही विंडोजला आपल्याला त्यात नेता येत नाही.

आता प्रश्न असा, की कोणाचे दालन कोणते हे विंडोज कशावरून ओळखते? पुष्कळांना वाटते की नावावरून. तसे नाही. आपल्या शाळेतील जनरल रजिस्टर आठवा. विद्यार्थ्याचे नाव दाखल होताच त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे नावात दुरुस्ती झाली तरी तो क्रमांक बदलत नाही. तो विद्यार्थी दाखला घेऊन निघून गेला आणि अगदी त्याच नावाचा दुसरा मुलगा त्याच वर्गात आला, तरी पहिल्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. विंडोजचा व्यवहार हुबेहूब असाच आहे. प्रत्येक खात्याला तेथे एक लांबलचक क्रमांक मिळतो. त्याला ‘एसआयडी’ म्हणतात. घरगुती संगणकावरील साध्या खात्याचा क्रमांक ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो, मध्ये तीन मोठ्या संख्या येतात आणि शेवटी त्या खात्याचा स्वतःचा आकडा असतो. मधल्या तीन संख्या विंडोज त्या यंत्रावर बसवताना ठरतात, म्हणून तेथील अशा सर्व खात्यांत त्या सारख्याच असतात. शेवटचा आकडा मूळच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्याला ५००, ‘गेस्ट’ला ५०१, आणि आपण उघडलेल्या खात्यांना १००० वा त्यापुढील. खाते काढून टाकले, तरी त्याचा आकडा पुन्हा कोणाला मिळत नाही.

हे एकदा पक्के ध्यानात धरले म्हणजे पुष्कळ कोडी आपोआप उलगडतात. समजा, ‘आजोबा’ या नावाचे खाते काढून टाकून आपण पुन्हा ‘आजोबा’ याच नावाचे खाते उघडले. विंडोजच्या लेखी हे दुसरेच आजोबा! त्यांनी पहिल्या आजोबांच्या दालनाचे दार ढकलले तर ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते, कारण कुलूप क्रमांक ओळखते, नाव नव्हे. तसेच खात्याचे नाव बदलून ‘आबा’ केले, तरी ‘युझर्स’मधील फोल्डराचे नाव ‘आजोबा’च राहते. हा विसंवाद डोळ्यांना खुपतो म्हणून कोणी फोल्डराचे नावही हाताने बदलतो, आणि पुढच्या वेळी दालन हरवल्याची तक्रार घेऊन येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक प्रथम सुरू केला, तर ई-मेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे तेवढी घेऊन विंडोज फोल्डराला नाव देते. त्या तुटक्या नावाचा राग येणे स्वाभाविक आहे. तरी ते तसेच असू द्यावे.

क्रमांक आणि दालन यांची सांगड घालणारी यादी रजिस्ट्रीत असते. तिचे नाव ‘प्रोफाइललिस्ट’. प्रत्येक एसआयडीच्या नावाने तेथे एक कप्पा असतो आणि त्या कप्प्यात ‘प्रोफाइलइमेजपाथ’ या मथळ्याखाली दालनाचा पत्ता लिहिलेला असतो. आपण खात्यात शिरू लागलो की विंडोज प्रथम पासवर्ड पडताळते, मग आपला क्रमांक काढते, यादीतून पत्ता वाचते आणि त्या पत्त्यावर जाऊन टिपणवही उघडते. पत्ता वाचताना किंवा वही उघडताना ठेच लागली तर काय होते? विंडोज दार लावून घेत नाही. ती ‘युझर्स’मध्ये ‘टेंप’ नावाची एक धर्मशाळा उभारते आणि आपल्याला तेथे उतरवते. मूळ पत्ता पुसला जाऊ नये म्हणून जुन्या कप्प्याच्या नावापुढे टिंब देऊन ‘बीएके’ ही तीन इंग्रजी अक्षरे जोडते, आणि त्याच क्रमांकाचा नवा कप्पा उघडून त्यात धर्मशाळेचा पत्ता घालते.

योजना समंजसपणाची आहे, परंतु धर्मशाळेतला मुक्काम एका रात्रीचाच. साइन आउट करताच ‘टेंप’ पुसले जाते. तेथे बसून कोणी चार तास खपून निबंध लिहिला आणि समोर दिसणाऱ्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवला, तर तो निबंध मात्र खरोखरीच गेला.

ठेच कशाने लागते, हेही पाहू. टिपणवही आपण काम करीत असताना सतत उघडी असते व तीत बारीकसारीक नोंदी होत राहतात. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, किंवा यंत्र अडले म्हणून कोणी बटण दाबून धरून ते बंद केले, तर लेखन अर्धवट राहते. हा धोका ओळखून विंडोजच्या कर्त्यांनी जी तजवीज केली आहे, ती आपल्याकडील पेढीवरच्या पद्धतीशी फार जुळते. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात आणि मागाहून खतावणीत चढवतात. तद्वत् येथेही बदल आधी शेजारच्या ‘लॉग’ फाइलींत टिपले जातात आणि नंतर मुख्य वहीत उतरतात. वहीच्या आरंभी दोन आकडे असतात. लेखनास हात घालताना पहिला वाढवायचा आणि लेखन पुरे झाल्यावर दुसरा. दोन्ही सारखे असतील तर वही पुरी. वेगळे असतील तर काम मध्येच तुटले असे जाणून विंडोज लॉगच्या आधारे राहिलेला भाग भरून काढते. म्हणूनच विजेचा लपंडाव चालणाऱ्या गावांतसुद्धा बहुतेक संगणकांची दालने शाबूत राहतात. पण वही आणि लॉग दोन्ही एकदम नासली, किंवा डिस्कचा नेमका तोच भाग वाचता येईनासा झाला, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

कधी वही धडधाकट असते, पण व्हायरस शोधणाऱ्या कार्यक्रमाने ती तपासणीसाठी त्याच वेळी अडकवून ठेवलेली असते. कधी डिस्क इतकी भरलेली असते, की नवे काही लिहिण्यास जागाच उरत नाही. आणि कधी, जागा मोकळी करण्याच्या उत्साहात, कोणी एखादे दालन साधे फोल्डर समजून पुसून टाकलेले असते. यादीतील कप्पा मात्र तसाच राहून गेलेला असतो.

फाइली जागेवर असणे आणि नसणे यांतील भेद दोन जाहीर घटनांवरून नीट ध्यानात येईल. ११ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीप्रमाणे मासिक अपडेट दिले. त्याचा क्रमांक केबी ४५३२६९३. ते बसल्यावर काही लोकांचे डेस्कटॉप कोरे झाले आणि फाइली गेल्याची ओरड झाली. पाहू जाता असे आढळले, की ही मंडळी तात्पुरत्या दालनात जाऊन पडली होती व त्यांचे खरे दालन ‘युझर्स’मध्येच, नावापुढे ‘बीएके’ किंवा तीन शून्ये लागलेल्या अवस्थेत शिल्लक होते. याच्या उलट प्रकार २०१८ सालचा. त्या वर्षी २ ऑक्टोबरला प्रसृत झालेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या फाइली खरोखरच पुसल्या. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखी फोल्डरे दुसऱ्या जागी वळवली होती, पण काही फाइली जुन्या जागीच राहू दिल्या होत्या, त्यांच्यावर हा प्रसंग आला. चारच दिवसांत कंपनीला ते अपडेट थांबवावे लागले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा द्यावे लागले. पडद्यावर दोन्ही वेळा दिसले ते एकच: रिकामे फोल्डर. म्हणून रिकामेपणा पाहून निष्कर्ष काढू नये. आधी शोध घ्यावा.

आता उपायांकडे वळू. पहिला इतका साधा आहे, की तो सांगताना थोडा संकोच वाटतो. काही लिहू नये, काही साठवू नये. संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ नव्हे. विंडोज ८ पासून शट डाउनच्या वेळी यंत्र प्रणालीचा काही भाग, पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावे म्हणून, डिस्कवर राखून ठेवते; रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. वही कोणी क्षणभर अडकवून ठेवली असेल, तर एवढ्यानेच दालन परत मिळते. दोन-तीन वेळा करून पाहावे.

नाहीच मिळाले, तर ‘सी’ ड्राइव्हवरील ‘युझर्स’ उघडावे. तेथे आपल्या जुन्या नावाचे फोल्डर दिसेल. आपण धर्मशाळेत असलो तरी आपला क्रमांक तोच असल्यामुळे ते सामान्यतः उघडता येते. त्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. कित्येक जीबींचा आकार दिसला, की जीव भांड्यात पडण्यास हरकत नाही. फोल्डर आहे पण आतला डेस्कटॉप रिकामा, असे दिसल्यास त्याच दालनातील ‘वनड्राइव्ह’ या फोल्डरात डोकवावे. ती सोय चालू असलेल्या संगणकांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स पुष्कळदा तेथे हलवलेली असतात, आणि त्यांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरही मिळते.

फाइली सापडल्या की दुरुस्तीपूर्वी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. संगणकाच्या पोटातून टकटक आवाज येत असेल, किंवा एकेक फाइल उघडण्यास मिनिटे लागत असतील, तर डिस्कच आजारी आहे असे समजावे. मग डिस्क तपासणारे कार्यक्रम आधी चालवू नयेत. त्यांच्या खटाटोपाने मरणपंथाला लागलेली डिस्क अधिकच थकते. जे पुन्हा निर्माण करता येणार नाही ते प्रथम उचलावे. चित्रपट आणि गाणी मागे राहिली तरी चालतील.

मग यादी दुरुस्त करण्याचे काम. विद्यार्थ्यांनी ते घरातील जाणत्या माणसास किंवा संगणकाच्या शिक्षकांस शेजारी बसवूनच करावे, कारण रजिस्ट्रीत भलत्या जागी केलेला एक बदलही संगणक बंद पाडण्यास पुरेसा होतो. ज्या खात्याची दुरुस्ती करायची त्यातच बसून ती करणे बरे नव्हे. त्यासाठी व्यवस्थापकाचे, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार असलेले दुसरे खाते हवे. ते आधीपासून नसेल तर धर्मशाळेतूनही उघडता येते. आपल्या खात्याला तसे अधिकार असतील, तर तेही क्रमांकालाच चिकटलेले असतात. दालन हरवले म्हणून ते जात नाहीत. दुसरे खाते तयार झाले की संगणक रीस्टार्ट करून थेट त्यात शिरावे. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘रेजएडिट’ हा शब्द इंग्रजीत लिहिला म्हणजे रजिस्ट्री उघडते. डावीकडे ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज एनटी’, त्यात ‘करंटव्हर्जन’ आणि त्यात ‘प्रोफाइललिस्ट’, असे उतरत जावे. काही बदलण्याआधी ‘प्रोफाइललिस्ट’वर उजवी कळ दाबून ‘एक्सपोर्ट’ने तिची प्रत काढावी. चुकले तर ती परत घालता येते.

यादीतील जे आखूड कप्पे १८, १९ आणि २० या आकड्यांनी संपतात, ते विंडोजच्या स्वतःच्या कामाचे आहेत. त्यांना हात लावू नये. लांब नावाचे कप्पे एकेक करून उघडावेत आणि उजवीकडील ‘प्रोफाइलइमेजपाथ’ वाचीत जावे. आपल्या खऱ्या दालनाचा पत्ता असलेल्या कप्प्याला ‘बीएके’ हे शेपूट असेल, आणि त्याच क्रमांकाच्या बिनशेपटाच्या कप्प्यात ‘टेंप’चा पत्ता असेल, तर रोगाचे निदान झाले. बिनशेपटाच्या कप्प्याच्या नावाला आपण निराळे काही तरी शेपूट जोडावे. मग खऱ्या कप्प्याचे ‘बीएके’ टिंबासकट काढून टाकावे. त्यात ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ या नोंदी असल्यास त्यांचे मूल्य शून्य करावे. बिनशेपटाचा कप्पा नसेलच, तर नुसते शेपूट काढले की झाले. शेपूट नाही पण पत्त्यातील फोल्डर जागेवर नाही, असे आढळले तर बहुधा कोणी फोल्डराचे नाव बदलले आहे; त्याला जुने नाव परत द्यावे. यानंतर संगणक रीस्टार्ट करून मूळ खात्यात शिरावे. कळफलक, चित्र, फाइली, सारे होते तसे पाहून जो आनंद होतो तो अनुभवण्याजोगा आहे.

एवढे करूनही पुन्हा धर्मशाळाच नशिबी आली, तर दोष यादीत नसून वहीत आहे. विंडोजचे ‘इव्हेंट व्ह्यूअर’ हे रोजनामे दाखवणारे साधन येथे उपयोगी पडते. त्यातील ‘अ‍ॅप्लिकेशन’ या भागात १५११ हा आकडा म्हणजे स्थानिक दालन सापडले नाही म्हणून तात्पुरते दिले. १५१५ म्हणजे जुन्या दालनाची नोंद राखून ठेवली. १५०८ दिसला तर वहीच रजिस्ट्रीला जोडता येईना, असे समजावे. ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही सोय पूर्वीच चालू केलेली असेल, तर संगणक काही दिवसांपूर्वीच्या स्थितीस नेऊन वहीची जुनी आवृत्ती मिळू शकते, आणि त्यात आपले लेख व छायाचित्रे यांना धक्का लागत नाही. ती सोय चालू नसेल तर नव्या दालनात स्थलांतर करणे हाच मार्ग उरतो.

स्थलांतर म्हणजे नवे खाते उघडायचे, त्यात एकदा शिरून दालन उभे राहू द्यायचे आणि जुन्या दालनातील सामान त्यात आणायचे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स ही फोल्डरे खुशाल उचलावीत. ‘परवानगी नाही, पुढे जायचे काय?’ असे विंडोज विचारील. खाते व्यवस्थापकाचे असल्यास ‘कंटिन्यू’ म्हणावे. परंतु ज्यांची नावे ‘एनटीयूझर’ने सुरू होतात त्या फाइली मुळीच आणू नयेत, नासलेली वही नव्या घरात आणून काय लाभ? ‘अ‍ॅपडेटा’ची कोठीही सरसकट न आणता जे हवे तेवढेच नेमके आणावे.

या स्थलांतरात एक वस्तू मात्र हमखास मागे राहते, ती म्हणजे ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड. विंडोज ते ज्या किल्लीने बंद करते, ती किल्ली जुन्या खात्याशी आणि त्याच्या पासवर्डाशी जखडलेली असते. त्यामुळे ब्राउझरमधील खुणा येतात, पासवर्ड येत नाहीत. कोणी विंडोजच्या ‘ईएफएस’ पद्धतीने फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर त्यांचीही हीच गत. म्हणूनच जुने खाते सुधारण्याचा प्रयत्न आधी आणि स्थलांतर नंतर, हा क्रम सांगितला. याच कारणास्तव दुसऱ्या खात्यातून जुन्या खात्याचा पासवर्ड सक्तीने बदलण्याचा मोह आवरावा; स्थानिक खात्याच्या बाबतीत तसे केल्यास त्या किल्ल्या निकामी होण्याचा संभव असतो.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे दालनाचे फोल्डरच पुसले गेलेले असणे. त्या क्षणी संगणक वापरणे थांबवावे, कारण पुसलेल्या जागेवर नवे लेखन झाले की जुने कायमचे बुजते. रीसायकल बिन पाहावे, वनड्राइव्ह पाहावे. त्याच्या घरगुती खात्यात पुसलेल्या फाइली ३० दिवस राखलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टने २०२० साली ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ नावाचे एक साधन विनामूल्य दिले आहे; ते पुसलेल्या फाइली शोधून दुसऱ्या डिस्कवर उतरवते. जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवर त्यास बरे यश येते. नव्या ‘एसएसडी’ डिस्का मात्र पुसलेली जागा लवकरच आतून साफ करतात, त्यामुळे तेथे फार आशा धरू नये. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडण्याचा विचार असेल, तर ती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद आहे काय ते आधी पाहावे. असल्यास ४८ आकड्यांची किल्ली लागते. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरणाऱ्यांस ती बहुधा त्या खात्यात संकेतस्थळावर मिळते.

आणखी एक प्रकार क्वचित दिसतो. जुनी खाती नीट चालतात, पण नवे खाते उघडले की त्यात शिरता येत नाही. नवे दालन ‘युझर्स’मधील ‘डीफॉल्ट’ या लपवलेल्या नमुन्यावरून उभारले जाते आणि तो नमुनाच बिघडलेला असतो. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या निरोगी संगणकावरून ‘डीफॉल्ट’ फोल्डर आणून बसवले की अडचण दूर होते.

स्थलांतर पार पडले तरी जुने फोल्डर लगेच पुसू नये. दोन-तीन महिने ते राहू द्यावे. या ना त्या निमित्ताने एखादी विसरलेली फाइल त्यातच सापडते. पुढे ते काढायचे झाल्यास फोल्डर पुसून नव्हे, तर ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर ‘युझर प्रोफाइल्स’ची जी यादी आहे तेथून काढावे, म्हणजे दालन आणि त्याचा रजिस्ट्रीतील कप्पा दोन्ही एकदमच जातात.